शकू, शकुताई आणि साकोंताला

यवतमाळच्या जुन्या माणसापुढे ‘शकुंतला’ म्हणा, त्याला आगगाडी आठवेल. बंगळूरच्या माणसाला गणित आठवेल, पॅरिसच्या कलारसिकाला एक शिल्प. आणि संगीत नाटकाच्या पक्क्या मराठी वेड्याला? त्याला आधी एक पुरुष आठवेल, तोही नऊवारीतला. बाकी उरलेल्या महाराष्ट्राला आपापली शकूमावशी, शकूआत्या किंवा शेजारच्या शकुताई. एका नावाने किती धंदे करावेत याला काही मर्यादा?

गोष्टीतली शकुंतला प्रसिद्ध आहे ती नवऱ्याने विसरलेली बायको म्हणून. तिच्या नावाला मात्र विसरलं जाणं ठाऊकच नाही. ते कोर्टात गेलं, जहाजात बसलं, ऑपेरात गायलं, तिकिटावर छापलं गेलं, निवडणुकीला उभं राहिलं.

पाखरांची लेक

विश्वामित्राचं तप मोडायला मेनका आली, तप मोडलं, मुलगी झाली, आणि आईबाप दोघंही आपापल्या कामाला निघून गेले. मालिनी नदीच्या काठी टाकलेल्या त्या बाळाभोवती पाखरं राखण करत बसली होती. ती कण्व ऋषींना दिसली. पाखरं म्हणजे शकुंत, त्यांनी सांभाळलेली ती शकुंतला. बारसं इतकं सरळ. बापाचं नाव नाही, आईचं नाही, कुळाचं नाही. नाव पाखरांचं.

महाभारताच्या आदिपर्वात ही कथा सविस्तर आहे, पण नाव त्याहून जुन्या ग्रंथात भेटतं. शतपथ ब्राह्मणात भरत राजाचा उल्लेख येतो तेव्हा त्याची आई शकुंतला ही चक्क अप्सरा म्हणून नोंदली आहे. आश्रमकन्या वगैरे नंतरचं.

कण्वांचा आश्रम नेमका कुठे, यावर गावागावांचे दावे आहेत. उत्तराखंडात कोटद्वारजवळ मालिनी नदीही आहे आणि कण्वाश्रमही. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात गिरणेकाठी कानळद्यालाही कण्वाश्रम आहे. ऋषींच्या बदल्या होत नसत असं म्हणतात, पण कण्वांचा प्रवास पाहता शंका येते.

आधी भांडण, मग विरह

शाळेत आपल्याला भेटते ती कालिदासाची शकुंतला. लाजरी, हरिणाला गोंजारणारी, वेलींना बहीण मानणारी. महाभारतातली मूळ शकुंतला ही वेगळीच बाई आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त मजेची.

तिथे शाप नाही. अंगठी नाही. दुर्वास फिरकतही नाहीत. राजा दुष्यंत गांधर्वविवाहाची गळ घालतो तेव्हा ही मुलगी आधी अट घालते, की माझ्या पोटी येईल तोच युवराज. अट मान्य, मग लग्न. पुढे मुलगा मोठा होतो, सिंहावाघांना बांधून खेळू लागतो, तरी राजाचं बोलावणं नाही. मग ती मुलाला घेऊन थेट दरबारात जाते. राजाला सगळं आठवत असतं, तरी तो ओळख नाकारतो, वर तिला वाईटसाईट बोलतो.

आता कालिदासाची शकुंतला इथे कोलमडते. महाभारतातली पदर खोचते. मोहरी आणि बेलफळ यांचा दाखला देऊन ती राजाचे दोष मोजते. आपली आई अप्सरा आहे, आपला संचार आकाशात आणि तुमचा जमिनीवर, असं खानदानही काढते. नवरा, बायको, मुलगा, सत्य या विषयांवर भर सभेत लांबलचक युक्तिवाद करते आणि शेवटी सुनावते की तुम्ही असा नाहीतर नसा, माझा मुलगा राज्य करणारच. मग आकाशवाणी होते आणि राजा कबूल करतो, मला ठाऊक होतं, पण नुसत्या तुझ्या शब्दावर घेतलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता. लोक काय म्हणतील ही सबब तेव्हापासूनची.

कालिदासाने राजाची अब्रू वाचवण्यासाठी विसरायला लावणारा शाप आणला, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. इतिहासकार रोमिला थापर यांनी तर शकुंतलेची ही सारी रूपांतरं तपासणारं एक पुस्तकच लिहिलं आहे. महाभारत ते कालिदास या प्रवासात बाई कशी मवाळ होत गेली, याचा हिशेब त्यात आहे. नाटककाराला नायक गोड हवा होता, त्यापायी नायिकेची जीभ गेली. मला विचाराल तर हा सौदा नाटकाला लाभला, शकुंतलेला नाही.

रोहू, शिपाई आणि गुत्ता

अंगठीचा भाग मात्र कालिदासाने असा रंगवला आहे की त्याला सगळं माफ. शचीतीर्थावर पाण्याला वंदन करताना अंगठी गळून पडते, रोहू मासा ती गिळतो, कोळी मासा चिरतो, आत राजाचं नाव कोरलेली अंगठी. तो ती बाजारात विकायला नेतो आणि पकडला जातो.

पुढचा प्रसंग आजच्या चौकीवर जसाच्या तसा घडवता येईल. शिपाई त्याला गुद्दे घालत नेतात, त्याच्या जातीवरून आणि धंद्यावरून टोमणे मारतात, आता याला सुळावर चढवायचं म्हणून हात शिवशिवतायत असंही सांगतात. राजाकडून मात्र अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस येतं. कोळी त्यातली अर्धी रक्कम शिपायांना देऊ करतो. क्षणात शिव्या संपतात, ‘तू आमचा जिवलग’ सुरू होतं, आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे निघतात. अभिजात संस्कृत नाटक म्हणून जे लोक हात जोडून उभे राहतात, त्यांनी सहाव्या अंकाची ही सुरुवात जरूर वाचावी.

मोराच्या खेळण्यात लपलेली आई

‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकाच्या नावातच ओळखीची खूण आहे आणि सगळ्यांना वाटतं ती खूण म्हणजे अंगठी. पण सातव्या अंकात कालिदासाने आणखी एक खूण पेरली आहे, आणि ती म्हणजे नायिकेचं नाव.

दुष्यंत मारीच ऋषींच्या आश्रमात येतो. समोर एक पोर सिंहाच्या छाव्याचे दात मोजायच्या गोष्टी करतंय. त्याने छावा सोडावा म्हणून तापसी रंगीत मातीचा मोर आणते आणि म्हणते, या पाखराचं लावण्य तर बघ. पाखरू म्हणजे शकुंत, आणि पुढे लावण्य. दोन शब्द जोडून कानावर पडतात ‘शकुंतलावण्य’. पोराच्या कानाने अर्धाच शब्द उचलला, त्याला ऐकू आलं आईचं नाव. तो वळून विचारतो, आई कुठेय? आणि राजा दचकतो.

राजाला पहिल्यांदा आठवण झाली ती अंगठीने, पण समोरचं पोर कोणाचं याचा सुगावा लागतो तो असा, नावावर केलेल्या कोटीतून. कोटी करणं हा हलका विनोद समजणाऱ्यांनी कालिदासाकडे तक्रार नोंदवावी.

हे पोर म्हणजे सर्वदमन, पुढे भरत. देशाचं ‘भारत’ हे नाव त्याच्यावरून आलं असं आपण ऐकत आलो. जैन आणि भागवत परंपरेत तो मान ऋषभदेवांच्या पुत्र भरताकडे जातो. दोन भरतांचा हा वाद जुना आहे. शकुंतलेच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे तो मिटलेला नाही.

थंडीतली नाटकं आणि एक न्यायाधीश

कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांना ‘नाटक’ नावाचे ग्रंथ असतात एवढं कळलं होतं. ते म्हणजे नेमकं काय, हे कोणी धड सांगेना. अखेर राधाकांत नावाच्या पंडितांनी खुलासा केला, की थंडीच्या दिवसांत तुम्ही साहेबलोक इथे जे खेळ करता ना, तसलंच ते. मग त्यातलं सर्वांत नावाजलेलं कोणतं? उत्तर आलं, शाकुंतल.

जोन्स यांनी ते आधी शब्दशः लॅटिनमध्ये उतरवलं आणि मग त्यावरून इंग्रजी केलं. संस्कृतची ठेवण लॅटिनला जवळची म्हणून हा द्राविडी प्राणायाम. इंग्रज वाचकाला घाम फुटेल असे काही शृंगारिक तपशील त्यांनी सौम्य केले. १७८९मध्ये पुस्तक कलकत्त्यात छापून निघालं, ‘साकोंताला’ या नावाने. विक्रीची मिळकत कर्जात बुडालेल्यांच्या मदतीला द्यायची, असा बेत होता. कालिदासाला ‘भारताचा शेक्सपिअर’ ही पदवी चिकटली ती याच पुस्तकाच्या प्रस्तावनेतून, आणि अजून निघालेली नाही.

साकोंताला परदेशी

पुढे जे झालं त्याला साथ म्हणणंच योग्य. गेऑर्ग फॉर्स्टरने १७९१मध्ये इंग्रजीवरून जर्मन भाषांतर केलं. ते वाचून महाकवी गटेने लगोलग तिच्यावर चार ओळींची कविता लिहिली. आपल्याकडे व्याख्यानांत ‘गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला’ हे वाक्य हमखास असतं. नाचल्याची नोंद नाही, पण ‘फाउस्ट’च्या आरंभी त्याने रंगमंचावरची जी प्रस्तावना जोडली, तिची कल्पना शाकुंतलातल्या सूत्रधार-नटीच्या प्रवेशावरून आली असं मानलं जातं. नाचण्यापेक्षा हे बरं.

मग संगीतकार आले. शूबर्टने १८२०मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, शकुंतलेवर ऑपेरा लिहायला घेतला आणि अर्धवट सोडला. अर्धवट सोडण्यात शूबर्टचा हातखंडा होता. पॅरिसच्या ऑपेरात १८५८मध्ये ‘साकुंतला’ हा बॅले झाला. कथा कवी तेओफिल गोतिए यांची, संगीत एर्नेस्त रेये यांचं. आपला दुष्यंत तिथे पायाच्या अंगठ्यांवरच्या नर्तकींमध्ये फिरला. १८६५मध्ये कार्ल गोल्डमार्कने याच नावाचं वाद्यसंगीत रचून नाव कमावलं.

सर्वांत कमाल इटलीत. फ्रांको अल्फानो यांचा ‘साकुंतला’ ऑपेरा १९२१मध्ये बोलोन्यात झाला. हे तेच अल्फानो, ज्यांनी पुढे पुच्चिनीचं अपुरं राहिलेलं ‘तुरांदोत’ पूर्ण केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यात ऑपेराची स्वरलिपी नष्ट झाली असं सगळ्यांनी धरलं. अल्फानोंनी बिचाऱ्यांनी आठवून आठवून आणि नव्याने लिहून ती पुन्हा उभी केली, १९५२मध्ये रोममध्ये प्रयोगही झाला. नंतर एकविसाव्या शतकात मूळ प्रत प्रकाशकांच्याच संग्रहात सापडली! हरवलेली वस्तू उशिरा सापडणं हा या नावाचा स्वभावच दिसतो. इथे मासा तेवढा नव्हता.

मॉस्कोत अलेक्सांद्र ताइरोव यांनी कामेर्नी थिएटर सुरू केलं ते डिसेंबर १९१४मध्ये, आणि पडदा उघडला तो शाकुंतलावर. बाहेर पहिलं महायुद्ध चालू होतं. पोलंडमध्ये येझी ग्रोटोव्स्की यांनी १९६०मध्ये ते केलं. प्रायोगिक रंगभूमीचा हा मोठा माणूस तेव्हा अजून नवखाच होता.

कामीयची शकुंतला

यात एक गोष्ट जरा थांबून सांगण्याजोगी आहे. कामीय क्लोदेल ही फ्रेंच शिल्पकार, रोदँची शिष्या, सहकारी आणि प्रेयसी. विशीत असताना तिने पुरुषभर उंचीचं एक जोडशिल्प घडवलं. त्यात पुरुष गुडघे टेकून वर पाहतोय, स्त्री त्याच्याकडे कलंडलीय, डोळे मिटलेले. नाव ‘साकुंतला’. नाटकातला अखेरचा पुनर्भेटीचा क्षण तिने निवडला, ज्यात क्षमा मागणारा राजा पायाशी आहे. १८८८च्या पॅरिसच्या सलाँ प्रदर्शनात त्याची सन्मानाने दखल घेतली गेली.

पण सरकारने संगमरवरासाठी पैसे दिले नाहीत. प्लास्टरचं शिल्प तिने १८९५मध्ये शातोरू गावच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. १९०५मध्ये एका सरदारणीने खर्च उचलला तेव्हा ते संगमरवरात आलं, पण नाव बदलून ‘व्हेर्तुम्नुस आणि पोमोना’. म्हणजे रोमन देवदेवता. त्याच वर्षी ब्राँझमध्ये निघालेल्या आवृत्तीला आणखी तिसरं नाव. शिल्प तेच, बाई तीच, नाव मात्र प्रत्येक वेळी नवं.

रोदँशी तिचं नातं तोवर कधीच तुटलं होतं. १९१३मध्ये घरच्यांनी तिला मनोरुग्णालयात टाकलं आणि १९४३मध्ये मृत्यू येईपर्यंत, तीस वर्षं, ती तिथेच राहिली. तिच्या नावाचं स्वतंत्र संग्रहालय २०१७मध्ये उघडलं. ‘ही रोदँची कोण?’ असं विचारणारे लोक आता ‘हा हिचा कोण?’ असंही विचारू लागलेत.

पहिला छाप, महागडं तिकीट

राजा रविवर्म्यांना शकुंतलेचा नादच होता. कमळाच्या पानावर नखाने पत्र लिहिणारी शकुंतला त्यांनी रंगवली, ती मद्रासच्या गव्हर्नरने विकत घेतली. मग तेच चित्र मोनियर विल्यम्स यांच्या इंग्रजी शाकुंतलाच्या आरंभी छापलं गेलं. पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी शकुंतला तर आपण कॅलेंडरांवर, काडेपेट्यांवर, डब्यांवर इतकी पाहिली की काटा कोणाला टोचला हेच विसरून गेलो. (कोणालाच टोचला नव्हता. बहाणा होता.)

१८९४मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. हाच छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या त्या इथूनच. पण यंत्रातून पहिलं चित्र बाहेर पडलं ते ना लक्ष्मीचं, ना गणपतीचं. पहिलं चित्र ‘शकुंतलाजन्म’. मेनका बाळ पुढे करतेय आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवतोय. शुभारंभाला घ्यायला इतका ढळढळीत जबाबदारी झटकणारा बाप कोणी निवडेल असं वाटत नाही, पण निवडला.

टपालखात्याने १९६०मध्ये कालिदासावर दोन तिकिटं काढली. मेघाला निरोप सांगणारा यक्ष १५ नये पैशांत, दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला एक रुपया तीन नये पैशांना. यक्षाच्या जवळजवळ सातपट टपालखर्च, आणि पत्र लिहूनही उपयोग काय झाला ते सगळ्यांना माहीत आहे.

पुण्यात, मिशा उतरवून

३१ ऑक्टोबर १८८०, पुणे, आनंदोद्भव नाट्यगृह. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले आणि मराठी संगीत नाटक नावाची चीज जन्माला आली. त्याआधी गाणं म्हणायचं ते सूत्रधाराने, पात्रांनी अभिनय करायचा. अण्णासाहेबांनी ज्याची भावना त्याच्याच तोंडी पद दिलं. साक्या, दिंड्या, ओव्या, कर्नाटकी चाली, लावणीचा ठेका, सगळं आणून दोनशेवर पदं रचली. नाटक कमी, मैफल जास्त, अशी तक्रार करणारेही होतेच. पण तेही थांबून ऐकत.

पहिली शकुंतला शंकरराव मुजुमदार. मग भाऊराव कोल्हटकर आले, ज्यांच्या आवाजावर लोक वेडे झाले. आणि १९०५मध्ये मिरजेत सतरा वर्षांच्या नारायण राजहंसांनी किर्लोस्कर मंडळीत पहिल्यांदा चेहऱ्याला रंग लावला तो शकुंतलेचा. बालगंधर्व म्हणतात ते हेच. तेव्हा मराठी रंगभूमीवरच्या नावाजलेल्या शकुंतला घरी गेल्यावर धोतर नेसत असत, हे लक्षात ठेवून जुनी परीक्षणं वाचावीत. लाजणं, मुरकणं, पदर सावरणं यांची जी वर्णनं आहेत त्यांची गंमत दुप्पट होते.

या नाटकाची नांदी अजून जिवंत आहे. शाकुंतलाचा प्रयोग कधी पाहिलाही नसेल असे प्रेक्षक दुसऱ्याच संगीत नाटकाला जातात, तिथे ती नांदी सुरू होते आणि सभागृह सावरून बसतं.

पडद्यावर

मूकपटांच्या काळात, १९२० साली, सुचेतसिंग यांच्या ‘शकुंतला’त नायिका होती डॉरथी किंग्डन नावाची गोरी नटी. कण्वाश्रमात ती कशी दिसली असेल याची कल्पना ज्याने त्याने करावी. १९४०च्या तमिळ ‘शकुंतलै’मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या आणि दिग्दर्शक होता अमेरिकेहून आलेला एलिस डंगन.

आपल्या व्ही. शांतारामांनी ‘प्रभात’ सोडून ‘राजकमल’ काढलं आणि पहिला चित्रपट केला तो ‘शकुंतला’, १९४३ साली, जयश्री यांना घेऊन. मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात तो १०४ आठवडे चालला. १९४७च्या नाताळात तो न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहात लागला. अमेरिकेत रीतसर व्यावसायिक प्रदर्शन झालेला हा पहिला भारतीय चित्रपट. शांतारामांचं समाधान एकदा करून झालं नाही. १९६१मध्ये त्यांनी ‘स्त्री’ या नावाने तीच कथा पुन्हा रंगीत केली, संध्या शकुंतला आणि दुष्यंत ते स्वतः. तो भारतातर्फे ऑस्करलाही गेला. २०२३चा तेलुगू ‘शाकुंतलम्’ ही त्या रांगेतली अलीकडची भर.

ताटातल्या तांदळात

आपल्या लग्नांत एक विधी असतो. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहायचं. त्या अंगठीने किती शकुंतलांच्या नीला, रमा आणि सुनंदा झाल्या असतील! कालिदासाच्या नायिकेची ओळख अंगठी हरवल्याने गेली, आपल्याकडच्या शकूंची अंगठी सापडल्याने. माहेरी मात्र हाक तीच राहायची. पन्नाशीची बाई दारात आली की आतून आवाज यायचा, ‘शके, आलीस?’

नावाच्या बाया

ज्यांनी हे नाव टिकवलं आणि गाजवलं त्या पाहिल्या की गंमत वाटते. या सगळ्या कालिदासाच्या नाहीत, महाभारतातल्या आहेत.

शकुंतला परांजपे घ्या. रँग्लर परांजप्यांची मुलगी, स्वतः केंब्रिजला गणित शिकलेली. जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत काम. परत येऊन १९३७मध्ये शांतारामांच्याच ‘कुंकू’त भूमिका. आणि त्यानंतर, ज्या काळात ‘संततिनियमन’ हा शब्द उच्चारला तर लोक खिडक्या लावून घेत, त्या काळात खेडोपाडी फिरून त्याचाच प्रचार. १९६४ ते १९७० राज्यसभेत, १९९१ला पद्मभूषण. रशियन चित्रकाराशी लग्न, फारकत, आणि मुलगी एकटीने वाढवली. ती मुलगी म्हणजे सई परांजपे. शकुंतलेने मूल एकटीने वाढवण्याची परंपरा एवढी तंतोतंत कोणी पाळली नसेल. फरक इतकाच की या बाई दरबारात नवऱ्याची ओळख मागायला गेल्या नाहीत.

दुसरी गणितवाली, शकुंतला देवी. वडील सर्कशीत, शाळा जवळजवळ नाहीच. १९७७मध्ये अमेरिकेत डॅलस इथे २०१ आकडी संख्येचं तेविसावं मूळ त्यांनी ५० सेकंदांत सांगितलं. संगणकाला त्याहून जास्त वेळ लागला. १८ जून १९८०ला लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १३ आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत. गिनीज बुकात नाव आलं, पण प्रमाणपत्र मिळालं २०२०मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. ओळख उशिरा पटणं इथेही चुकलं नाही. त्यांनी १९७७मध्ये समलैंगिकांच्या बाजूने पुस्तक लिहिलं होतं, हे अनेकांना माहीत नसतं. आणि १९८०च्या लोकसभेला त्या दक्षिण मुंबईतून उभ्या होत्या, शिवाय मेदकमधून थेट इंदिरा गांधींविरुद्ध. आकडेमोडीत एवढी तरबेज बाई, मतांचा अंदाज आला नसेल असं नाही.

शकुंतला भगत माहेरच्या जोशी, पूल बांधणाऱ्या प्रसिद्ध स. भा. जोशींच्या घरातल्या. १९५३मध्ये व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी. मग पतीबरोबर ‘क्वाड्रिकॉन’ ही पोलादी सुट्या भागांतून पूल जोडण्याची पद्धत विकसित केली. पहिला पूल १९७२मध्ये हिमालयात, स्पितीत. डोंगराळ भागात जिथे मोठी यंत्रं पोचत नाहीत तिथे हे भाग नेऊन जोडता येत.

लावणीच्या बैठकीत शकुंतलाबाई नगरकर. ‘संगीत बारी’त त्यांची अदाकारी आणि हजरजबाबीपणा ज्यांनी पाहिला त्यांना विचारा, दुष्यंताला त्यांनी कसं गुंडाळलं असतं.

आणि शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड. जन्म त्रिनिदादचा, भारतातून गेलेल्या मजुरांच्या वंशातला, संसार डेन्मार्कचा, काम बांगलादेशातल्या तळ्यांत. मोला नावाचा चिमुकला मासा अख्खा खाल्ला तर मुलांना आणि आयांना जीवनसत्त्व अ भरपूर मिळतं, हे त्यांनी दाखवलं. तळ्यात मोठ्या माशांबरोबर ही छोटी जात वाढवण्याची पद्धत रुजवली. २०२१चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. शकुंतलेचं आणि माशाचं दीड हजार वर्षांचं जुनं येणं असं फिटलं.

अडीच फुटी शकुंतला

आता यवतमाळ. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी साधारण १९० किलोमीटरची ही नॅरोगेज. रुळांमधलं अंतर अडीच फूट. ब्रिटिशांच्या काळात किलिक निक्सन कंपनीने ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी बांधली. कापूस पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा आणि गाडीचं वाफेचं इंजिनही १९२१मध्ये मँचेस्टरमध्येच घडलेलं. ते १९२३पासून १९९४पर्यंत ओढत राहिलं, मग डिझेल आलं.

देशातल्या खासगी रेल्वे सरकारजमा झाल्या, ही मात्र दशकानुदशकं कंपनीच्या मालकीची राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, रूळ कंपनीचे. सरकारदरबारी मालकी नक्की कोणाची याचा घोळ होणं, हे तर या नावाच्या रक्तातच आहे. लोकांनी मात्र तिला कधी कंपनीच्या नावाने हाक मारली नाही. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, सगळीकडे ती नुसती शकुंतला. वर्ध्याकडे पुलगाव-आर्वीच्या नॅरोगेजलाही लोक शकुंतलाच म्हणत. गरिबांची गाडी, तिकीट स्वस्त, चाल निवांत. आता ती बंद आहे आणि ब्रॉडगेज करून पुन्हा सुरू करा म्हणून वऱ्हाडात मोर्चे, निवेदनं, उपोषणं झाली आहेत. घोषणा ऐकणाऱ्या परगावच्या माणसाला वाटावं, कोण्या बाईवर अन्याय झालाय.

क्रमांक ११६६

पृथ्वीवर जागा कमी पडली म्हणून असेल, पण मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातही एक शकुंतला फिरते. लघुग्रह ११६६, सूर्याभोवती एक फेरी सुमारे चार वर्षांत. क्रिमियातल्या सिमेइझ वेधशाळेत प्रास्कोव्या पार्खोमेंको या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी तो २७ जून १९३० रोजी टिपला. पाठोपाठ हायडेलबर्गच्या कार्ल राइनमुट यांनाही तो स्वतंत्रपणे दिसला. शेकड्यांनी लघुग्रह शोधलेला हा नामांकित माणूस, पण नोंदवहीत शोधकाच्या रकान्यात नाव लागलं ते पार्खोमेंकोबाईंचंच.